बहात्तर पॉइंटाचा ळ

मी अक्षरं शिकले ती उलटी.
शाळेत गुरुजींनी फळ्यावर क काढला
तेव्हा मला वाटलं, गुरुजींचं चुकलं.

दुंदुभी नागभीडच्या ठेसनावर उतरली
छोट्या लाईनच्या गाडीतून.
साल बा सांगायचा नाही,
म्हणायचा, त्या वर्षी मोह फार फुलला होता.
खोकी दोनच, आणि लहान दिसणारी,
म्हणून एका हमालानं एकट्यानं उचलायला घेतलं
आणि आठवडाभर कंबर शेकत बसला.

इंदूरच्या फौंड्रीचं घराणं, कॅटलॉगात सहा पानं :
दुंदुभी जाड. दुंदुभी अरुंद.
दुंदुभी छाया, उजव्या अंगाला सावली पडलेली,
दिवस कलल्यावर धुऱ्यावरच्या माणसाची पडते तशी.
दुंदुभी पोकळ, नुसती कड,
आत कागदच.
पंच कोणी कोरले, नाव कुठेच नाही.
गच्या काना जरा बाहेर झुकलेला,
सगळ्या मापांत, चोवीसपासून बहात्तरपर्यंत.
बा म्हणायचा, डावखुरा असेल,
किंवा त्याला घरी जायची घाई असेल.

पहिलं काम तळोधीच्या नाट्य मंडळाचं.
गुलाबी पतंगी कागद, पाचशे प्रती, उद्या सकाळी.
बानं त उचलला, आणि हात पुढच्या खणात गेला
तसाच रिकामा परत आला.
ज्ञ होता. क्ष होता. ॐ होता.
बोट दाखवणारा हातही होता, मनगटाला कफ असलेला.
ळ नव्हता.
तिकडच्या मुलखात लागत नसेल.
पोकळ म्हणवणाऱ्या टाइपाला
स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं.

मालक लांजेवार खो खो हसले :
"डोमा, आपन डोरा मनतो, कारा मनतो,
तोंडातच नाई तं पेटीत कोठून येल?"
पण तळोधीवाले
बोलताना तरोधी म्हणणारे,
पोस्टरवर तरोधी घेईनात.
म्हणाले, छापाची गोष्ट येगरी.

मग उरकुडा वाढई.
त्याला अक्षरओळख नव्हती, बैलगाडीची होती.
बानं पेन्सिलीनं काढून दिलेलं बघून म्हणाला,
"हे तं जू टाकलेले दोन बैल व्हय."
आणि आऱ्यातून उरलेल्या तिवसात
रात्रभर बसून कोरला.
सुलटा कोरला. म्हणजे उलटा छापला.
ळ असा की कोणाच्या लक्षात आलं नाही.
तीस वर्षं, मंडईच्या प्रत्येक हंगामात,
झाडावर, भिंतीवर, पानठेल्याच्या फळीवर
तो उलटाच उभा राहिला.
बा फक्त त्याच्यावरून अंगठा फिरवायचा,
शाई वाळली का बघतो म्हणून.

छापून झालं की खिळे मी धुवायची, खणात टाकायची.
सर्वांत झिजलेली उद्गारचिन्हं :
नाटकाला एक पुरत नसे, तीन लागत.
शिसं रॉकेलमध्ये बुडवायचं,
लाकडाचा ळ मात्र कोरड्या चिंधीनं पुसायचा.
तो फुगायचा, भुकेल्या पोरासारखा रुसायचा,
पावसाळ्यात एक सूत उंच व्हायचा
आणि कागदाला भोक पाडायचा.

पुढे वडशाला ऑफसेट आलं,
हिरोचे गाल लाल छापणारं.
दुंदुभी किलोवर गेली.
घेतली ढिवर मोहल्ल्यातल्या सोमा नान्हेनं, जाळ्याच्या वजनासाठी.
जाड वितळली, छाया वितळली,
पोकळला फार वेळ लागला नाही.
काने मात्र त्यानं आटवले नाहीत.
सरळच होते, भोक पाडून तसेच ओवले.

लाकडाला कोणी भाव केला नाही.
तो माझ्याकडे आहे, मिठाच्या बरणीवर.

कधी घोडाझरीला गेले की काठावर बसते.
सोमाचा नातू जाळं खांद्यावर घेतो, गिरकी मारतो,
आणि सगळे काने एकदम पाण्यात जातात,
ओळ मोडल्यासारखे.
"जारं बुडलं," तो ओरडतो.
मी मनातल्या मनात दुरुस्त करायला जाते.
मग नाही करत.